ठासणीच्या बंदुकांचा शिधा

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हॉजडन पावडर कंपनीने एक छोटं निवेदन काढलं. लुईझियाना राज्यातल्या मिंडेन इथला ‘गोएक्स’ हा बंदुकीच्या काळ्या दारूचा कारखाना बंद करत आहोत, एवढाच त्याचा मतलब. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. पण त्या देशात एक जमात अशी आहे, जिच्या तोंडचं पाणी या निवेदनाने पळालं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडाच्या चकतीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची, गजाने ठासायची आणि मग बार उडवायचा, अशा ठासणीच्या बंदुका चालवणारे हे लोक. काही दिवसांत विक्रेत्यांकडचे डबे संपले. कारण साधं होतं. खेळासाठीची खरी काळी दारू बनवणारा अमेरिकेतला तो एकुलता कारखाना होता.

या मंडळींचा पसारा लहान नाही. इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेचं मैदान तिथे आहे आणि वर्षातून दोनदा तिथे नेमबाजीचा मेळा भरतो. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ यादवी युद्धातल्या उत्तर-दक्षिण पलटणींचे गणवेश घालून लोक जमतात आणि त्या काळच्या मस्केटांनी घड्याळ लावून मातीची लक्ष्यं फोडतात. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा असा एक हंगाम असतो, ज्यात फक्त चकमकीच्या बंदुकीला परवानगी आहे. जुन्या रणभूमींवरच्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांसमोर तोफा डागून दाखवतात, त्यांनाही हीच दारू लागते.

हिशेब ग्रेनमध्ये चालतो. एका पौंडात ७००० ग्रेन. मस्केटचा बार ६० ग्रेनचा धरला, तर पौंडाच्या डब्यात शंभरावर थोडे बार बसतात. नियमाने सराव करणाऱ्याला हा डबा फार दिवस पुरत नाही. बंदूक मात्र त्याच्या पणजोबाची असू शकते. नीट पाण्याने धुतली, तेल लावून ठेवली, तर दोनशे वर्षांची नळीसुद्धा आज बार उडवते. या छंदातली सगळी मेख इथेच आहे. टिकाऊ वस्तू वारशात मिळते. जळून जाणारी वस्तू दर हंगामाला कुणीतरी नव्याने बनवून द्यावी लागते. त्यामुळे ठासणीच्या बंदुकीची परंपरा कारागिरांच्या आणि हौशी मंडळींच्या हातात आहे असं वरवर दिसलं, तरी तिची नाडी दुसऱ्याच कुणाच्या हातात असते.

पर्याय आहे, पण चकमकीला चालत नाही

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, काळी दारू मिळत नसेल तर दुसरी का वापरू नये? आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू वापरता येत नाही. ती जळताना जो दाब तयार होतो तो जुन्या नळीला पेलत नाही आणि नळी फुटून चालवणाऱ्याचा हात किंवा जीव जातो. म्हणून १९७०च्या दशकात डॅन पॉलॅक या अमेरिकन संशोधकाने ‘पायरोडेक्स’ नावाचा पर्याय काढला. मापाने काळ्या दारूएवढाच भरायचा, पण साठवायला आणि पाठवायला कमी धोक्याचा, असा तो माल. जानेवारी १९७७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा इथल्या कारखान्यात स्फोट झाला आणि पॉलॅक त्यात गेले. पुढे हॉजडन कंपनीने पायरोडेक्स बाजारात रुजवलं आणि नंतर ‘ट्रिपल सेव्हन’ हा दुसरा पर्याय आणला.

१९८५ मध्ये टोनी नाइट यांची ‘एमके-८५’ ही नव्या घडणीची ठासणीची रायफल आली. तिच्यात ठिणगी नळीच्या सरळ मागून येते. अशा रायफलींनी शिकारीचा बाजार व्यापला. त्यांच्या मालकांना पर्यायी दारूच्या तयार वड्या पुरतात, त्यामुळे खऱ्या काळ्या दारूचं मोठं गिऱ्हाईक गळालं.

उरले ते चकमकवाले. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या चिमट्यातला गारगोटीचा तुकडा पोलादी पट्टीवर घासला जातो. ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकीवर पडतात, रंजक पेटते आणि तिची झळ बारीक कानातून आत शिरून मुख्य बार पेटवते. एवढ्या अशक्त ठिणगीने झटकन पेटण्याचा गुण काळ्या दारूतच आहे. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते, म्हणून ती वाटीत नुसती बसून राहते. पेटायला सोपी म्हणून काळी दारू हवी आणि पेटायला सोपी म्हणूनच ती कायद्याला, वाहतूकदाराला, विमा कंपनीला आणि दुकानदाराला नको. चकमकवाल्यांची सगळी वणवण या एका गुणापायी आहे.

पौंडाचे डबे, पंचवीसची पेटी

अमेरिकन कायदा या लोकांशी तसा उदार आहे. १९७० च्या स्फोटकविषयक कायद्याने पुरातन बंदुकांसाठी पाच पौंडांपर्यंत दारू परवान्याशिवाय बाळगायला मुभा दिली होती. जानेवारी १९७५ मध्ये ती वाढवून ५० पौंड केली. अट इतकीच की दारू कारखान्यात तयार झालेली असावी आणि तिचा वापर खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कार्यक्रमासाठी जुन्या बंदुकीत व्हावा.

पण बाळगायची मुभा गिऱ्हाइकाला आहे. विकणाऱ्याला मात्र स्फोटकांचा परवाना, तपासणी, नोंदवह्या आणि साठवणीचे नियम चुकत नाहीत. वर्षाकाठी चार-दोन पेट्या खपणाऱ्या मालासाठी हा व्याप कोपऱ्यावरचा बंदूकवाला का करील? तो पायरोडेक्सचे डबे फळीवर मांडतो आणि ‘तीही चालते’ म्हणून सांगतो.

मग उरतो तो दूरच्या विक्रेत्याकडून मागवण्याचा मार्ग. टपालखाते ही दारू घेत नाही. खासगी वाहतूकदार घेतात, पण धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लावतात आणि ते एका डब्याला जेवढं तेवढंच अख्ख्या पेटीलाही पडतं. वाहतुकीच्या नियमांत काळ्या दारूला थोडी सवलत आहे. डबा एक पौंडापेक्षा मोठा नको, एका पेटीत पंचवीसपेक्षा जास्त डबे नकोत आणि वाहनात एकूण शंभर पौंडांच्या वर माल नको. एवढं पाळलं तर स्फोटकाऐवजी ज्वलनशील पदार्थ म्हणून ती देशांतर्गत रस्त्याने जाऊ शकते. पंचवीस पौंडांची पेटी हे या व्यवहारातलं चलन बनलं ते या नियमातून. एकट्याला तेवढी नको असते, म्हणून क्लबातली माणसं मिळून वर्गणीने पेटी मागवतात आणि वाटून घेतात. दिवाळीआधी आपल्या सोसायट्यांत फटाक्यांची एकत्र खरेदी होते, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

मागवताना दाण्याचा आकार पाहावा लागतो. डब्यावर ‘एफ’ हे अक्षर जितक्या वेळा, तितका दाणा बारीक. एक एफची दारू तोफांना आणि मोठ्या नळीच्या बंदुकांना, दोन एफची मस्केटांना, तीन एफची लहान नळीच्या रायफली-पिस्तुलांना आणि चार एफची रंजकीला. टंचाईत पहिल्यांदा हवा तो दाणा नाहीसा होतो. मग लोक तीन एफचीच दारू रंजक म्हणून वापरतात आणि बार उडायला किंचित उशीर झाला तरी सोसतात.

बिहारच्या मातीतून ब्रँडीवाइनच्या काठी

सोरा, गंधक आणि कोळसा. काळ्या दारूत याखेरीज काही नाही आणि त्यांचं प्रमाण स्थूलमानाने ७५, १० आणि १५ असं शतकानुशतकं चालत आलं आहे. तिन्हींत वजनाने आणि महत्त्वाने मोठा सोरा. अमेरिकेला तो बराच काळ पुरेसा मिळाला नाही आणि तिच्या टंचाईची कथा आपल्याकडच्या मातीशी जोडली गेली आहे ती इथे.

बिहारात तिरहूत, छपरा, पाटणा या पट्ट्यात पावसाळा सरला की जुन्या वस्त्यांच्या जमिनीवर आणि भिंतींच्या पायथ्याशी पांढरी खार फुलते. नोनिया समाजाची माणसं ती खरवडून, विरघळवून, आटवून सोरा काढत. डच, फ्रेंच, इंग्रज सगळे पाटण्यात वखारी घालून बसले त्यात सोऱ्याचा मोठा वाटा होता. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रज कंपनीने मिळवला. तिथून पुढे युरोपातल्या लढायांत इंग्रजांचा हात या बाबतीत नेहमी वर राहिला.

त्या इंग्रजांशी लढायला उभ्या राहिलेल्या अमेरिकन वसाहतींकडे दारूच नव्हती. ऑगस्ट १७७५ मध्ये बोस्टनच्या वेढ्यावर असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनना कोठारातला खरा साठा कळला, तेव्हा तो माणशी जेमतेम नऊ बारांचा निघाला. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत अमेरिकनांनी वापरलेल्या दारूपैकी नव्वद टक्के एकतर तयार आयात केलेली होती किंवा आयात सोऱ्यापासून बनवलेली होती. बहुतेक माल फ्रान्सकडून, कॅरिबियन बेटांच्या वाटेने येत होता.

त्याच फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याची सूत्रं १७७५ पासून रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला एल्युथेर इरेने द्यु पाँ हा तरुण राज्यक्रांतीनंतर अमेरिकेत आला आणि १८०२ मध्ये त्याने डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन ओढ्याकाठी दारूच्या गिरण्या घातल्या. आज नायलॉन-टेफ्लॉनमुळे माहीत असलेल्या ड्युपाँट कंपनीचा जन्म तो.

१८५७ मध्ये याच घराण्यातल्या लॅमॉट द्यु पाँने दक्षिण अमेरिकेतल्या स्वस्त सोडियम नायट्रेटपासून सुरुंगाची दारू बनवण्याचं पेटंट घेतलं. खाणींचं काम भागलं. पण तो क्षार हवेतली ओल चटकन धरतो, म्हणून बंदुकीला निरुपयोगी. बंदुकीसाठी हिंदुस्थानी सोराच हवा होता. यादवी युद्ध पेटलं आणि १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या सरकारने लॅमॉटला गुपचूप लंडनला धाडलं. त्याने तिथला मिळेल तेवढा सोरा उचलला आणि जहाजं भरायला घेतली. तेवढ्यात अमेरिकन नौदलाने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील पकडल्याची बातमी लंडनात थडकली. ब्रिटन युद्धाच्या तयारीला लागलं आणि त्याने सोऱ्याची निर्यात रोखली. लॅमॉट हात हलवत परतला. वकिलांना सोडून दिल्यावर, १८६२ च्या सुरुवातीला, तो पुन्हा लंडनला गेला आणि माल घेऊनच आला.

दक्षिणेला ही वाट एवढी मोकळी नव्हती. नाकेबंदीत सापडलेल्या त्या राज्यांनी गुहांमधली माती उकरली आणि अलाबामातल्या सेल्मा गावात तर सोऱ्यासाठी घरोघरचं मूत्र जमा करण्याची जाहिरात दिली गेली.

तीन भिंती दगडाच्या

सोरा मिळाला तरी गिरणी चालवायला माणूस आणि छाती दोन्ही लागतात. ब्रँडीवाइनच्या काठी हॅगली संग्रहालयात त्या गिरण्या आजही उभ्या आहेत. प्रत्येक गिरणी एकमेकींपासून दूर. तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंती, ओढ्याकडची बाजू आणि छप्पर मुद्दाम हलकं. स्फोट होणारच, मग तो पाण्याच्या दिशेने जावा आणि शेजारची गिरणी वाचावी, हे गृहीत धरून बांधकाम केलेलं. हत्यारं लाकडाची आणि तांब्याची, बुटांना लोखंडी खिळा नाही. एवढं करून १८०२ ते १९२१ या काळात तिथे २८८ स्फोट झाले आणि २२८ माणसं मेली. लॅमॉट स्वतः १८८४ मध्ये नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात गेला.

दारू साठवतानाचा धोका आपल्या गडांनीही भोगला आहे. सिंहगडाच्या दारूकोठारावर सप्टेंबर १७५१ मध्ये वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचं घर माणसांसकट उद्ध्वस्त झालं. पण कोठार ही दारूची शेवटची पायरी. भिजवणं, अवजड चाकांखाली दळणं, दाबणं, दाणे पाडणं, चकाकी देणं, चाळणं या आधीच्या सगळ्या पायऱ्यांवर तीच जोखीम रोज पत्करावी लागते. म्हणूनच गिऱ्हाईक कमी झालं की मालक सगळ्यात आधी हा विभाग विकायला काढतो.

गिऱ्हाईक कमी झालं १८८४ नंतर. त्या वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू शोधली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या फौजांनी ती घेतली. खाणीत डायनामाइट आलं. काळी दारू उरली ती सुरुंगाच्या वातींत, तोफगोळ्यांच्या प्रज्वलकात आणि फटाक्यांत. ब्रँडीवाइनच्या गिरण्या १९२१ मध्ये थांबल्या. पेनसिल्व्हेनियातल्या मूझिक इथला ड्युपाँटचा कारखाना तेवढा चालत राहिला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्युपाँटनेही तो विकला. घेणारी कंपनी गिअरहार्ट-ओवेन. तिच्या नावातूनच ‘गोएक्स’ झालं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखाना लष्कराच्या जुन्या दारूगोळा तळावर, मिंडेनला हलला. २००९ मध्ये तो हॉजडनकडे गेला आणि २०२१ मध्ये हॉजडनने हात वर केले.

वाचवलं कुणी?

या मालिकेकडे नीट पाहिलं तर प्रत्येक मालकाला हा कारखाना अवघड जागेचं दुखणं वाटलेला दिसतो. तरीही तो चालू राहिला, कारण अमेरिकी लष्कराला काळी दारू हवी होती. मोठ्या तोफेचा बिनधुराचा बार एका क्षणात आणि सारखा पेटवायला, काही फ्यूज आणि विलंबक चालवायला काळ्या दारूइतका भरवशाचा पदार्थ अजून सहज मिळत नाही. नेमबाजांचे पौंडाचे डबे त्या मोठ्या ऑर्डरच्या आडोशाने तयार होत होते.

२०२२ मध्ये कारखाना घेतला तो एस्टिस कंपनीने. अमेरिकेतल्या तीन पिढ्यांची मुलं या नावाला ओळखतात ती खेळण्यातल्या रॉकेटमुळे. १९५८ साली व्हर्नन एस्टिस यांनी रॉकेटच्या छोट्या मोटारी ठोकून तयार करणारं यंत्र बनवलं आणि त्याला ‘मेबल’ असं नाव दिलं. कोलोरॅडोतल्या पेनरोझ इथे त्या मोटारी बनतात आणि त्यांच्या पोटात काळी दारूच असते. मिंडेन बंद पडलं तर एस्टिसचाही कच्चा माल बंद. म्हणून त्यांनी ‘एस्टिस एनर्जेटिक्स’ नावाने कारखाना घेऊन पुन्हा सुरू केला आणि लष्करी पुरवठा हेही आपलं उद्दिष्ट म्हणून मांडलं. चकमकवाल्यांना दारू परत मिळू लागली ती शाळकरी पोरांच्या रॉकेटांमुळे आणि तोफखान्यामुळे.

मधल्या टंचाईत त्यांना युरोपने तारलं. स्वित्झर्लंडमधल्या ऑबॉन इथली ‘स्विस’ आणि जर्मनीतल्या वानो कारखान्याची ‘शुत्झेन’ या दारू अमेरिकेत येतात. ‘स्विस’चा कोळसा ब्लॅक ॲल्डर बकथॉर्न या झुडपाच्या लाकडाचा असतो. ती जोरकस आणि कमी मळ धरणारी म्हणून निशाणबाजांच्या पसंतीची, आणि महागही. नवी दारू आली की जुनं माप चालत नाही. पुन्हा मैदानावर बसून थोडी-थोडी दारू वाढवत आपल्या बंदुकीला कोणता बार मानवतो ते शोधावं लागतं.

ब्रिटनची स्थिती आणखी बोलकी आहे. बिहारच्या सोऱ्यावर साम्राज्य उभं केलेल्या त्या देशात आज नेमबाजांसाठी काळी दारू बनत नाही. वॉल्थम ॲबीची शेवटची गिरणी १९४१ मध्ये जर्मन पॅराशूट-सुरुंगाने निकामी केली. रॉस्लिनचा कारखाना १९५४ मध्ये बंद पडला आणि स्कॉटलंडमधल्या आर्डिअरचा विभाग ऑक्टोबर १९७६ मध्ये. तिथल्या ठासणीवाल्यांना २०१४ च्या स्फोटक नियमांखाली पोलिसांकडून दारू घेण्या-बाळगण्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि कप्पे पाडलेल्या लाकडी पेटीत ती ठेवावी लागते. एवढं सगळं करून विकत घ्यायची ती परदेशी दारू. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर मोठमोठे नेमबाजही परावलंबी असतात. विमानात दारू नेता येत नाही, म्हणून आपली बंदूक घेऊन जायचं आणि यजमान देशात मिळेल त्या दारूवर बार जुळवायचा.

आपल्याकडची ठासणी

आपल्या कोकणात ठासणीची बंदूक हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक शेतकऱ्यांकडे असे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वानर आणि रानडुक्कर भाताची, नाचणीची, काजूची नासाडी करतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे प्राणी मारायला वेगळी परवानगी लागते, म्हणून बऱ्याचदा बाराच्या आवाजावरच राखण भागवायची. बंदूक परवान्यावर, दारूही परवानाधारक विक्रेत्याकडून आणि परवान्यावरच्या मर्यादेतच घ्यायची. निवडणूक लागली की परवाना असलेल्यांच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. पीक उभं असताना ती आली की शेतकऱ्यांची कुरकुर ठरलेली.

फ्रेंडशिपच्या मैदानावरचा हौशी आणि सिंधुदुर्गातला बागायतदार यांचं जग वेगळं, पण दोघांची अडचण एका जातीची आहे. दोघांच्या हातातली बंदूक साधी, गावच्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी. तिच्यात जे भरायचं ते मात्र घरी करायचं नाही. त्यात कायदा आडवा येतोच, आणि ब्रँडीवाइनचा इतिहास वाचल्यावर कायद्याचं म्हणणं पटतंही. म्हणजे दोघेही सरकारी कागद, विक्रेत्याचा हिशेब आणि दूरच्या गिरणीवर अवलंबून.

म्हणूनच मिंडेनचा कारखाना वाचला याचा आनंद बेताने करायला हवा. जुन्या बंदुका जपायला संग्रहालयं आहेत, त्या चालवायला संघटना आहेत, दारू बाळगायला ५० पौंडांची मुभा आहे. दारू बनवत राहण्याचं बंधन कुणावर नाही. लष्कराने प्रज्वलकासाठी दुसरा पदार्थ स्वीकारला किंवा मुलांच्या रॉकेटांचा खप उतरला, की कारखान्याच्या मालकाला २०२१ मधलंच गणित पुन्हा मांडावं लागेल. चकमकवाल्यांना खरोखर निर्धास्त व्हायचं असेल तर त्यांनी गिऱ्हाईक म्हणून नुसता डब्यांचा साठा करून भागणार नाही. एस्टिस रॉकेटसाठी कारखान्यात शिरली, तसं त्यांच्या संघटनांनाही भागीदार म्हणून गिरणीत शिरावं लागेल.